सूरदाराची जागा

३ सप्टेंबर, रविवार

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "दिवसभर माझ्यापाशी कुरकुरता, ती आता हिच्यापाशी करा." बरं आहे. वही निदान उलट बोलत नाही.

तर कुरकुरीला सुरुवात. आमच्या सैनिकी अकादमीला पंचाहत्तर वर्षं होतायत. त्यानिमित्त जुन्या गायनपथकाने अकादमीच्या मोठ्या सभागृहात गायचं ठरलंय, समोर आठशे छात्र बसणार. तारीख चौदा ऑक्टोबर. बोलावणं मास्तरचं. मास्तर म्हणजे माझा वर्गमित्र, तेव्हाही हातवारे करून आम्हाला गायला लावायचा, आताही लावणार. मधल्या काळात तो फार मोठा अधिकारी झाला. माझं नाव बढतीच्या यादीत तीनदा आलं नाही, आणि मी आपला पूल बांधत बांधत निवृत्त झालो.

आज पहिली तालीम. जागा म्हणजे एका शाळेतला चित्रकलेचा वर्ग. बाकं सहा वर्षांच्या पोरांच्या मापाची, बेसिनला निळ्या रंगाचे डाग. बावीस जण जमलो. बावीस टकलं म्हणा ना.

आमच्याकडे वाद्यं नसतात. पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाचा माणूस एक पाऊल पुढे येतो, तोंड मिटून एकदाच सूर देतो, आणि तो मागे जात असतानाच त्या सुरावर सगळे गाणं उचलतात. तो माणूस मी. हवालदार, जमादार तसा मी सूरदार. मला कधी पेटी-पियानो लागला नाही, सूर कानातच असायचा. अकादमीतले गाण्याचे सर म्हणायचे, सूरदाराचा सूर म्हणजे हुकूम. दिलेला सूर परत मागायचा नाही, त्यावर शंका काढायची नाही. साऱ्या नोकरीत मला कोणी इतका मान दिला नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. माझ्यावाचून बावीस माणसं तोंड उघडत नसत.

आजही मी पुढे झालो, सूर दिला, आणि छाती भरून आली.

पुढचं मात्र विचारू नका. 'बूट बांधा, पहाट झाली' हे आमचं अकादमीचं गाणं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी हौदाने एकट्याने खर्जात उतरायचं असतं. हौद म्हणजे आमचा सर्वांत खोल आवाज, आणि आता घेरही तसाच. तो उतरला उतरला आणि तळाशी आवाजच नाही! नुसता वारा. सायकलच्या चाकातली हवा जावी तसा. मी त्याला म्हटलं, "लेका, कोचावर बसून बसून गळ्याला गंज चढलाय तुझ्या." तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "हो रे, सराव नाही राहिला." बाकीचेही खाली गुरगुरत होते. एवढे म्हातारे झालेत सगळे, मला कल्पना नव्हती.

६ सप्टेंबर, बुधवार

आज आंघोळ करताना सूर लावून बघितला. उत्तम. बाहेर आलो तर बायको टॉवेल हातात घेऊन दाराशीच उभी. "काय झालं?" म्हटलं. म्हणाली, "काही नाही, पुन्हा म्हणा बघू." म्हटला. ती आत गेली आणि पियानोवर एक पट्टी दाबून बघितली. सासऱ्यांनी दिलेला हा पियानो, तिचा जीव त्यात. मी तिथूनच ओरडलो, "अगं, चढलाय तो! किती दिवस लावून घेतला नाहीस?" तिने झाकण लावलं आणि भाजी चिरायला बसली.

१० सप्टेंबर, रविवार

दुसरी तालीम. पहिल्यापेक्षा शंभर पटीने बरी. मी फटकारलं त्याचा परिणाम. हौद खर्जात उतरला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. सगळे खूष.

एकच कटकट. माझ्या मागे धाकटा उभा असतो. आमच्याहून दोन वर्षं खालचा म्हणून धाकटा, आता पासष्टीचा घोडा झालाय तरी. मी सूर दिला रे दिला की हा घसा खाकरतो. "हं…" करून. प्रत्येक गाण्याला! तालीम संपल्यावर झापलं. "सर, माफ करा, घशात काहीतरी अडकतं," म्हणाला. त्याला आल्याचा काढा घ्यायला सांगितला. "हो सर," म्हणाला. शिस्तीचा आहे पोरगा.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पियानो लावणाऱ्याला बोलावलं. पंचावन्न-साठीचा माणूस, हातात कातडी पेटी, बोलणं कमी. तासभर तारा तपासल्या आणि म्हणाला, "साहेब, पियानो अगदी बरोबर आहे." म्हटलं, "अहो, दोन पट्ट्या चढलाय!" तो म्हणाला, "नाही हो." मी म्हटलं, "मी सूरदार होतो." त्याला काय कळणार म्हणा. मजुरी दिली आणि लावलं वाटेला. हल्ली कशातच काही राम राहिला नाही. कारागीरसुद्धा बघून न बघितल्यासारखं करतात.

बायको त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. दहा मिनिटं बोलत होती.

१७ सप्टेंबर, रविवार

तिसरी तालीमही चांगली झाली. धाकट्याचा घसा तसाच.

एक गंमत कळली. बायको हल्ली मास्तरशी फोनवर बोलते. मी खोलीत गेलो की "बरं, ठेवते," म्हणून मोकळी. माझ्या वाढदिवसाचं काहीतरी शिजतंय, दुसरं काय. वाढदिवसाला अजून दोन महिने आहेत, पण बायका तयारीला लागल्या की लागल्या. मी कळलंय असं दाखवलं नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

आज नाचक्की झाली. सगळ्यांची.

धाकट्याची दाढ काढली म्हणून तो आला नव्हता. मी मनात म्हटलं, चला, आज खाकरणं नाही. सूर दिला. मास्तरने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हौदाकडे. मग हात खाली आला आणि सगळ्यांनी गाणं उचललं. काय सांगू! पहिल्या दिवसासारखं पुन्हा तळाला. खालच्या आवाजाची माणसं तोंडं उघडून नुसतीच उभी, हौद लालबुंद, वरच्या आवाजाची पोरं कण्हल्यासारखी. तिसऱ्या कडव्याला हौदाच्या तोंडून एक विचित्र घरघर निघाली आणि तो खोकत खाली बसला.

मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं! तीन आठवडे काय केलंत?" बावीस, नाही, एकवीस माणसं, त्यातल्या अर्ध्यांनी पलटणी हाकलेल्या, आणि सगळे बुटांकडे बघतायत. मास्तर म्हणाला, "चहा घेऊ या." चहानंतर तालीम नाहीच झाली. मास्तरला म्हणे अचानक काम आठवलं.

घरी येताना एक विचार मनात आला. तो लिहीत नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

मास्तर घरी आला होता. न कळवता. एवढा मोठा माणूस, पण सोफ्याच्या कडेवर परीक्षेला बसल्यासारखा बसला. गुडघ्यांबद्दल बोलला, पेन्शनबद्दल बोलला, आमच्या कुंडीतल्या मिरच्यांबद्दल बोलला. मिरच्यांवर वीस मिनिटं! मध्येच म्हणाला, "अरे, तो सूर…" मी म्हटलं, "काय सूर?" तर म्हणाला, "नाही, छान असतो." आणि चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

तो गेल्यावर बायकोने त्याची बशी इतक्या जोरात ठेवली की टवका उडाला. "एवढ्या लढाया मारल्यात म्हणे," असं काहीतरी पुटपुटली. तिला मास्तर मुळात आवडतच नाही वाटतं.

तो विचार आता लिहितो. दोन तालमी चांगल्या, दोन वाईट. सूर चारही वेळा मीच दिला. मग?

२८ सप्टेंबर, गुरुवार

बायको बाजारात गेली तेव्हा पियानो लावणाऱ्याला मीच फोन करून बोलावलं. म्हटलं, "मागच्या खेपेला मी जरा तोडून बोललो. या."

तो आला. मी सूर दिला, आमच्या गाण्याचा, काळी दोन. त्याने मान हलवली आणि पियानोवर काळी एक वाजवली. माझा सूर आणि ती पट्टी, तंतोतंत. दोन पट्ट्या खाली. मी पुन्हा दिला. पुन्हा काळी एक.

मग त्याने खिशातून तो दोन पायांचा लोखंडी चिमटा काढला, सूर जुळवायचा असतो ना, तो. गुडघ्यावर आपटून माझ्या कानाशी धरला. "हा कोणता?" मी ताबडतोब म्हटलं, "पांढरी सात." तो म्हणाला, "पांढरी सहा आहे, साहेब. लोखंड खोटं बोलत नाही."

मी खुर्चीत बसलो. तो उभाच राहिला आणि सांगायला लागला. त्यालाही पन्नाशीनंतर असंच झालं. वयाने कानातली पट्टी सरकते, सगळं वर ऐकू येतं, म्हणून आपण सूर द्यायला गेलो की खाली देतो. आठ महिने त्याने लोकांचे पियानो पुन्हा पुन्हा तपासले, कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. "आता चिमट्यावर विसंबतो. कानावर नाही. गाणं नाही गेलं साहेब, तेवढी सुरुवात गेली. दुसऱ्याने सूर दिला तर तुम्ही त्यात बरोब्बर बसाल." त्याने पट्टी दाबली, मी त्यावर ओळ म्हटली, आणि खरंच बसलो.

मजुरी घेईना. बळेबळेच खिशात कोंबली.

हौदाला काय काय बोललो मी. गंज म्हटलं. आणि तो 'हो रे' म्हणाला. सूरदाराच्या सुरावर शंका काढायची नाही म्हणून ही येडी माणसं माझ्या सुरामागे विहिरीत उतरली आणि दोष स्वतःला देत बसली. ज्या दोन तालमी चांगल्या झाल्या, त्या दिवशी माझा कान कसा काय जागेवर होता, ते देव जाणे. येऊन जाऊन असेल दुखणं.

१ ऑक्टोबर, रविवार

ताप आलाय असं कळवून तालमीला गेलो नाही. ताप नाही. दिवसभर पडून छताकडे बघितलं.

मला सूर द्यायचाय. बास, एवढंच आहे. माणसाला एकच गोष्ट नीट येते आणि तीच जाते, हा कुठला न्याय? पूल कोणीही बांधतो. सदुसष्टाव्या वर्षी उजवं टोक सोडून मी उभा कुठे राहू? मागच्या रांगेत, भरतीला?

३ ऑक्टोबर, मंगळवार

बायकोला सांगितलं. जेवताना, एका दमात. ती फार दचकली नाही. तीस वर्षं नर्स होती, असल्या बातम्यांची सवय असते त्यांना. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग आता काय करायचं म्हणता?" मी म्हटलं, "मास्तरला सांगायला तोंड नाही मला." ती म्हणाली, "अहो, त्यालाही नाही." म्हणजे काय ते कळलं नाही. पण घास गोड लागला, बऱ्याच दिवसांनी.

५ ऑक्टोबर, गुरुवार

युक्ती सुचली. पूल बांधणाऱ्याची अक्कल, दुसरं काय!

धाकट्याला बागेत बोलावलं आणि शपथ घातली. सगळं सांगितलं. ऐकताना तो खाली बघून बुटाने माती उकरत होता. मग म्हटलं, "मी नेहमीसारखा पुढे होईन, पण गप्प राहीन. त्याच क्षणी तू मागून सूर द्यायचा, तोंड मिटून. कोणाला कळता कामा नये. जमेल?"

त्याने उकरलेली माती बुटानेच सारखी केली. मग म्हणाला, "प्रयत्न करतो सर."

त्याला पियानो लावणाऱ्याकडून आणलेला चिमटा दिला आणि बाकावर बसून तासभर शिकवलं. ओठ किती मिटायचे, श्वास कुठे घ्यायचा, सगळं. आश्चर्य म्हणजे पहिल्याच खेपेला अचूक लागला! चिमट्याकडे बघितलंही नाही पठ्ठ्याने. मी म्हटलं, "तुझ्यात गुण होता रे, कोणी बघितला नाही." त्याचे डोळे पाणावले. भावनाप्रधान आहे.

८ ऑक्टोबर, रविवार

शेवटची तालीम. युक्ती फत्ते! मी पुढे झालो, तोंड मिटून नुसता ऐटीत उभा राहिलो, मागून सूर आला, मी मागे आलो. गाणं असं उठलं की अंगावर काटा. कोणाच्या बापाला कळलं नाही. मास्तर तर इतका खूष की त्याने मला मिठी मारली. मला जरा अपराधी वाटलं. जरा म्हणजे बरंच. हे लोक माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात आणि मी सोंग करतोय.

हौदाची माफी मागितली. गंज म्हणालो त्याबद्दल, कारण न सांगता. तो म्हणाला, "कधी म्हणालास? आठवत नाही बुवा." विसराळू झालाय.

१५ ऑक्टोबर, रविवार

काल रात्री थकून झोपलो, म्हणून आज लिहितो. नीट लिहायचंय.

सभागृह तेच. लाकडी मंच, पायाखाली तीच करकर. आठशे छात्र पाठ ताठ करून बसलेले, एकाच्याही दाढीला खुंट नाही. आम्ही बावीस जण काळ्या कोटात. निम्म्यांच्या कोटाची बटणं लागत नव्हती, हौदाच्या बायकोने त्याचा कोट मागून दोऱ्याने टाचला होता. माझी बायको तिसऱ्या रांगेत, रुमाल आधीच हातात.

पहिलं गाणं. मी एक पाऊल पुढे टाकलं. ओठ मिटले. आणि सूर आला, पण तो एकट्याचा नव्हता वाटत. मोठा, गोल, चारी बाजूंनी आला. डावीकडून, पाठीमागून, हौदाच्या बाजूने जमिनीतून यावा तसा. आणि धाकट्याने घसाही खाकरला नाही, काढा लागू पडला शेवटी. मी मनात म्हटलं, या सभागृहाचं छत जुन्या बांधणीचं, एका माणसाचा हुंकार बावीस जणांचा करून दाखवतं. अशी बांधणी आता होत नाही.

गाणी छान झाली. शेवटी 'बूट बांधा' झालं, हौद खर्जात उतरला आणि तिथे ठाण मांडून बसला. टाळ्या थांबेनात. आठशे पोरं उभी राहून बूट आपटायला लागली, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. मास्तरने वळून हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं.

मला पाऊल उचलवेना. एवढी पोरं, एवढी खरी टाळी, आणि मी पुढे जाऊन पुन्हा तोंड मिटून खोटं उभं राहायचं? नाही झालं माझ्याच्याने. मी मागे वळलो, धाकट्याची बाही धरली आणि त्याला ओढून उजव्या टोकाला उभं केलं. रांग मोडली, आठशे लोकांसमोर. मग आमच्या माणसांना म्हटलं, हळू म्हणायचं होतं, पण आवाज मोठाच निघाला, "माझा कान सरकलाय. आजचे सूर माझे नव्हते, याचे होते. मी तुम्हाला फसवलं. आता सूरदार हा."

मला वाटलं, आता कुजबुज होणार. कोणीतरी चिडणार. काही नाही! कोणाच्या भुवयासुद्धा हलल्या नाहीत. मास्तरने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. हौद म्हणाला, "झालं का बोलून? ये इकडे, माझ्या शेजारी जागा आहे." आणि पोट आत घेऊन खरंच जागा केली. तिथे जागा आधीपासूनच ठेवल्यासारखी होती, म्हणजे त्याने बहुधा पोट बरंच आत घेतलं असावं. मी जाऊन उभा राहिलो.

धाकटा पुढे झाला. सूर दिला. असा सूर, की मीही तरुणपणी याहून चांगला दिला असेन असं छातीठोक सांगता येणार नाही.

आणि मग मास्तरचा हात खाली आला आणि मी श्वास घेतला, तेव्हा लक्षात आलं. सूर देणारा मागे पाऊल टाकून रांगेत येईपर्यंत त्याने गायचं नसतं. पाय जुळवायचे, खांदा जुळवायचा, मग दुसऱ्या ओळीपासून सामील व्हायचं. आमच्याकडे तसाच नियम आहे. म्हणजे मी आयुष्यात कुठल्याच गाण्याची पहिली ओळ या लोकांबरोबर म्हटलेली नव्हती. सत्तेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

बूट बांधा, पहाट झाली.

सोपी ओळ आहे. हौदाचा आवाज खांद्यातून माझ्या अंगात येत होता, दुसऱ्या बाजूचा कोणीतरी किंचित घाईत होता, धाकट्याची मान पुढे दिसत होती, आणि मी त्या सगळ्यांच्या मध्ये होतो, सुरुवातीपासून. रडलो, सरळ सांगतो. आठशे छात्रांसमोर, काळ्या कोटात, गाता गाता रडलो, आणि कुठे सूर सोडला नाही.

पुढच्या रविवारीही तालीम आहे म्हणे. काही कार्यक्रम नाही, तशीच. मी हो म्हटलंय.